पावणेआठचा गट

मामाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, ही बातमी आमच्या घरात मावशीने आणली, तीही धापा टाकत, चपला न काढता.

झालं होतं असं. मामाच्या ऑफिससमोर, रस्त्यापलीकडे, दातांचा दवाखाना आहे. मावशीची शेजारीण तिथे दाढ काढायला गेली. खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, बोलायची सोय नाही, अशा अवस्थेत तिला खिडकीतून समोरच्या इमारतीचा चौथा मजला दिसला. अख्ख्या मजल्यावर माणूस एकच, आणि तो दर थोड्या वेळाने मान वर करून हवेत हात हलवत होता. नीट पाहिलं तर आमचा मामा! दाढ निघाली आणि भूल उतरायचीही वाट न बघता शेजारणीने अर्ध्या तोंडाने मावशीला फोन लावला.

"अगं, आपला दादा!" मावशी आईला सांगत होती. "एकटा! छताकडे बघून! असे हात! हॉलमध्ये लांब बसलेल्या पाहुण्याला बोलवावं ना, तसे!"

"कुणाला बोलवत होता?" आईने विचारलं.

"कुणीच नव्हतं म्हणून तर सांगतेय ना!"

संध्याकाळपर्यंत बातमी चार घरं फिरली. पहिल्या घरी मामा नुसता हात हलवत होता. दुसऱ्या घरी तो कुणाशी तरी बोलतही होता. तिसऱ्या घरी तो टेबलावर चढला. चौथ्या घरातून आईलाच फोन आला, की ओळखीचा एक चांगला डॉक्टर आहे, लाजायचं काही कारण नाही, हल्ली सगळ्यांनाच होतं.

शेवटी आईने मामाला सरळ विचारलं. मामा म्हणाला, "दिवे जातात."

मामाकडून वाक्य काढणं म्हणजे घट्ट बसलेलं झाकण उघडणं. बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम टक्. ते टक् व्हायला आईला दोन कप चहा लागले.

खरी हकिगत अशी. मामाची कंपनी पाण्याचे पंप बनवते. तिच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर चव्वेचाळीस टेबलं आहेत. पूर्वी चव्वेचाळीस माणसंही होती. मग घरून काम करायची पद्धत आली आणि माणसं घरी गेली ती गेलीच. त्यांच्या खुर्च्यांवर अजून त्यांची जाकिटं आहेत. कुणाचा कप, कुणाच्या लहान मुलाचा फोटो, कुणाचं चार वर्षांपूर्वीच्या एका महिन्यावर थांबलेलं कॅलेंडर. छताला एक पांढरा गोळा आहे. दहा मिनिटं त्याला हालचाल दिसली नाही, की मजला रिकामा समजून तो सगळे दिवे घालवतो. मामा दिवसभर टाइप करतो. पण नुसती बोटं हलली तर त्या गोळ्याला ते जिवंतपणाचं लक्षण वाटत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी मामा वर बघतो आणि हात हलवतो. मी आहे, असं त्याला कळवतो.

"मग तूही घरून कर ना काम," आई म्हणाली.

"घरी एकटं वाटतं."

"आणि ऑफिसात काय जत्रा भरते?"

मामाने कप उचलला, त्याच्या खालचा ओला गोल बोटाने पुसला आणि म्हणाला, "ऑफिसात एकटं असायला कारण असतं."

यावर आईसारख्या आईने न मागता तिसरा कप चहा ठेवला. म्हणजे विचार करा.

मामा चोपन्न वर्षांचा आहे. लग्न राहून गेलं. म्हणजे मोडलं नाही, ठरलं नाही, नको म्हटलं नाही, नुसतं राहून गेलं, जसं पडद्याला अस्तर लावायचं राहून जातं. दोन खोल्यांत राहतो. त्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तूला कप्पा आहे आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. एका खणावर लिहिलंय 'दोऱ्या, उपयोगी', त्याच्या खालच्यावर 'दोऱ्या, बहुतेक नाही'. एका डब्यावर 'किल्ल्या, कशाच्या ते आठवेपर्यंत'. मावशी म्हणते, दादाने स्वतःलाही एखाद्या खणात ठेवलं असेल, फक्त चिठ्ठी सापडत नाही.

ऑफिसातही त्याचं काम तेच. कंपनीचे कॉम्प्युटर हल्ली कंपनीत नसतात. लांब कुठेतरी भल्यामोठ्या थंडगार इमारतींमध्ये असतात आणि आपण ते भाड्याने वापरतो. त्याला क्लाउड म्हणतात. कुणालाही मशीन हवं असेल तर बटण दाबलं की मिळतं, आणि गोची तिथेच आहे. घेताना सगळे घेतात, परत करायची आठवण कुणाला राहत नाही. मामा या पसाऱ्याचे गट करतो. गट म्हणजे एका कामाचा संसार: त्याचं मशीन, त्याची डिस्क, त्याचा पत्ता, त्याचं वेळापत्रक, त्याची कुलपं. जे बरोबर आलं आणि बरोबर जाणार, ते एका गटात. कारण गट डिलीट केला की आतलं सगळं एका फटक्यात जातं. एखादी वस्तू चुकीच्या गटात पडली, तर तीही त्यांच्याबरोबर जाते, तिचा काही दोष नसताना.

म्हणून मामाचा नियम एकच. वस्तूचं नाव बघायचं नाही, ती कुणाला हाक मारते आणि तिला कोण हाक मारतं ते बघायचं. "नावं लोक घाईत ठेवतात," तो म्हणायचा. "एका मशीनचं नाव 'अअअ' आहे. एकाचं नाव 'हेच-शेवटचं-दोन'. नावावरून काय कळणार कपाळ?"

कंपनीच्या सगळ्या नीट गटांच्या तळाशी 'इतर' नावाचा एक गट होता. आठ वर्षांत ज्याला जे कुठे ठेवावं ते कळलं नाही, ते त्याने तिथे टाकलं. तीनशे बारा वस्तू. टाकणारे बहुतेक जण निरोपाचा केक खाऊन कधीच निघून गेलेले. त्या ढिगाऱ्यात हात घालायची कुणाची हिंमत नव्हती, आणि मामालाही कुणी घाल म्हटलं नव्हतं.

मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांच्या नव्या मॅडम आल्या. आल्या म्हणजे स्क्रीनवर आल्या. वयाने मामाच्या ऑफिस बॅगेपेक्षा थोड्या मोठ्या. आवाज असा, की दर वाक्य विमान उतरल्यासारखं: आधी भरभर, मग शेवटी एकदम मऊ.

"ओके, सो, आपण काय करतोय, की ज्या ग्रुपला काम आहे, आणि ज्याला दोन जबाबदार माणसांची नावं आहेत, तेवढे ग्रुप आपण पुढे नेतोय. बाकी सगळं आपण शुक्रवारी संध्याकाळी क्लोज करतोय. क्लीन. ओके?"

स्क्रीनवरच्या आठ गोलांमधून आठ वेळा "ओके" आलं. नववा गोल बोलला नाही. त्या गोलातला माणूस चार वर्षांत कधीच बोलला नव्हता. त्याला सगळे म्यूट म्हणत. माइक बंद, कॅमेरा बंद, फक्त मीटिंग संपताना 'धन्यवाद' असं टाइप केलेलं यायचं, म्हणून तो हयात आहे हे कळायचं.

मामाने तीन आठवडे 'इतर' उपसला. आणि त्या ढिगाऱ्यात त्याला पावणेआठ सापडलं.

पावणेआठ त्याच्या ओळखीचं होतं. फार वर्षांपूर्वी त्याच्या शेजारच्या टेबलावर एक खटपट्या सहकारी बसायचा. कंपनीतून निवृत्त झालेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी त्याने एक सोय केली होती. रोज सकाळी पावणेआठला त्यांना आपोआप फोन जाणार. रिसेप्शनवरच्या बाईंचा आवाज त्याने त्यासाठी रेकॉर्ड करून घेतला होता: "सुप्रभात. मी बोलतेय. बरं असेल तर एक दाबा. मदत हवी असेल तर दोन दाबा. काहीच दाबलं नाहीत, तर मी परत फोन करीन." कुणी दोन दाबलं, किंवा तीनदा फोन करूनही काहीच दाबलं नाही, तर ऑफिसच्या लँडलाइनवर निरोप यायचा. पुढे तो सहकारी दुसऱ्या कंपनीत गेला. रिसेप्शनच बंद झालं तेव्हा बाईही गेल्या. फोन मात्र जात राहिला. त्याला थांब म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

आणि लँडलाइन कुठे होती? मामाच्या टेबलावर. गेल्या वर्षी कंपनीचे जुने ड्राफ्ट्समन बाथरूममध्ये घसरून पडले, त्यांनी काहीच दाबलं नाही, तेव्हा मामानेच त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करून दार उघडायला लावलं होतं. दोन तास ते फरशीवर पडून होते. दोन दिवस पडले असते.

यादीत दहा नंबर होते. नऊ निवृत्तांचे. दहावा मामाचा. सुरुवातीला चाचणीसाठी टाकला होता, तो काढायचा राहून गेला. हेही राहून गेलं.

रविवारीसुद्धा तो फोन यायचा. आमची आई मामाला बुधवारी फोन करते, मावशी काम असलं की करते. रविवारी पावणेआठनंतर मात्र मामाशी बोलणारं कुणी नसायचं. ते थेट सोमवारी पुन्हा पावणेआठपर्यंत, आणि समोरचं माणूस म्हणाल तर नऊला, वॉचमन "या साहेब" म्हणेपर्यंत.

तर मामाने पावणेआठचा गट बांधायला घेतला. मशीन सापडलं, त्याचं नाव होतं 'तात्पुरतं'. वेळापत्रक सापडलं, यादी सापडली, फोनची लाइन सापडली. प्रत्येकाला नीट चिठ्ठी लावून त्याने गट तयार केला. जबाबदार व्यक्ती एक या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. जबाबदार व्यक्ती दोन या रकान्याशी मात्र घोडं अडलं.

तो रकाना मामाच्या चांगल्या ओळखीचा होता. हॉस्पिटलात मोतीबिंदूच्या वेळी असाच होता. 'जवळची व्यक्ती एक' इथे त्याने आमच्या आईचं नाव लिहिलं. 'जवळची व्यक्ती दोन' इथे पुन्हा आईचंच लिहिलं, फक्त नंबर घरचा टाकला. इथे तशी सोय नव्हती. दुसरं माणूस कंपनीतलंच हवं होतं आणि वेगळं हवं होतं. मामाने कर्मचाऱ्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चार वर्षांत यातल्या कुणाशीच तो "आवाज येतोय" यापलीकडे काही बोलला नव्हता. रकाना रिकामा ठेवून त्याने दुसरं काम घेतलं.

आणि त्या दुसऱ्या कामात त्याने ती चूक केली.

मंगळवारची दुपार. 'इतर'मध्ये आता एक्केचाळीस वस्तू उरल्या होत्या, आणि सगळ्यांच्या नावात 'चाचणी' हा शब्द. चाचणी-एक, चाचणी-नवीन, चाचणी-बाई-तीन, चाचणी-परत. तीन आठवडे प्रत्येक वस्तूच्या मागे हिंडून मामाचे डोळे चुरचुरत होते. त्यात दिवे गेले. त्याने हात हलवला, दिवे आले, आणि त्याला वाटलं, चाचण्याच आहेत, काय बघायचंय. एक्केचाळीसही वस्तू त्याने 'चाचण्या' नावाच्या एका गटात घातल्या आणि गट डिलीट केला. गट डिलीट करताना चुकून होऊ नये म्हणून त्याचं नाव आपल्या हाताने टाइप करावं लागतं. मामाने ते टाइप केलं. एकेक अक्षर.

बुधवारी सकाळी पावणेआठला मामाचा फोन वाजला. त्याने उचलला. कुणी बोललं नाही. एरवी 'सुप्रभात'च्या आधी बाई एक बारीकसा श्वास घ्यायच्या. तो श्वासही नव्हता. नुसती लांबलचक शांतता, मग कट.

मामा हातात फोन धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. चहा उतू गेला. त्याला तेव्हाच कळलं होतं. पण ऑफिसात जाऊन, जिना चढून, स्क्रीन उघडून बघेपर्यंत त्याने स्वतःला ते कळू दिलं नाही. चाचणी-बाई-तीन. तो बाईंचा आवाज होता. तो मशीनच्या पोटात असेल असं मामा धरून चालला होता. तो होता बाहेर, एका वेगळ्या कोपऱ्यात, आणि मशीन रोज सकाळी त्याला तिथून हाक मारून बोलवत होतं. आज हाक मारली, तर तिथे कुणी नव्हतं. डिलीट केलेलं परत आणायची सोय असते म्हणे; पण ती चालू करायचं काम 'पुढच्या महिन्यात' या यादीत होतं, आणि ती यादीही मामाचीच.

तीस वर्षं मामा वस्तू जागच्या जागी ठेवत आला होता. त्याच्या हातून सुई हरवली नव्हती. आणि रोज सकाळी त्याच्याशी बोलणारं जे एक काही होतं, ते त्याने नावाला भुलून आपल्या हाताने टाकून दिलं होतं.

दिवे गेले. मामाने हात हलवला नाही. अंधारात तसाच बसला. तेवढ्यात लँडलाइन वाजली.

"हॅलो? कंपनी का?" आवाज बारीक पण टणक. कंपनीच्या जुन्या टायपिस्ट होत्या, यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या आजी. "आज सकाळी फोन आला, पण बाई बोलल्याच नाहीत. म्हटलं विचारावं. बऱ्या आहेत ना त्या?"

"हो," मामा म्हणाला.

"मग तुम्ही बरे आहात ना? आवाज असा का येतोय?"

"मी... हो. बरा आहे."

"मी आपलं एक दाबलं हं," आजी म्हणाल्या. "बाई बोलल्या नाहीत म्हणून काय झालं? त्यांना कळायला नको, मी बरी आहे ते?"

मामाने फोन ठेवला, उठला आणि मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. त्याच्या चालण्याबरोबर दिवे आपोआप लागले. म्हणजे चाललं की हात हलवायची गरज नसते, हे त्याला चार वर्षांनी कळलं.

गुरुवारी मीटिंग. मॅडमनी एकेक गट वाचला. पावणेआठपाशी आल्या.

"ओके, सो, याला सेकंड नेम नाहीये. आणि हा सध्या चालतही नाहीये ना? मग आपण हा क्लोज करतोय. ओके?"

सात गोल म्हणाले, "ओके." आठवा गोल मामाचा होता.

मामाने माइक चालू केला. त्या आवाजानेच दोघांनी कॅमेरे उघडून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"उद्यापर्यंत चालेल," मामा म्हणाला. "आवाज... आवाज मी आणतो. नाव हवंय एक. दुसरं. काम काही नाही. मी रजेवर असलो तर फोन घ्यायचा. मी रजा घेत नाही."

कुणाच्या तरी घरी मिक्सर लागला आणि बंद झाला. माणसांकडे काही मागायची त्याला सवयच नव्हती. मागून झाल्यावर वाट कशी बघायची, हेही त्याला माहीत नव्हतं. तो नुसता स्क्रीनकडे बघत राहिला.

"सर, मी समजू शकते," मॅडम मऊ उतरत म्हणाल्या, "पण कुणाचाच—"

लँडलाइन वाजली. मामाने सवयीने उचलली. माइक चालूच होता, तो बंद करायचा असतो हे त्याच्या लक्षात आलं नाही. पलीकडचा टणक आवाज सगळ्या घरांत गेला.

"मीच पुन्हा. आजही बाई गप्पच. मी काय म्हणते, त्यांना बरं नसेल तर त्यांना कोण फोन करतं? कुणी आहे का त्यांचं? नाही तर नंबर द्या, मी करीन सकाळी. मी साडेपाचलाच उठते."

"द्यायला नंबर नाहीये, आजी," मामा म्हणाला.

"अगं बाई. मग तुम्हीच लक्ष ठेवा हो. आणि जेवत जा वेळेवर, आवाज बसलाय तुमचा."

फोन ठेवून मामाने वर पाहिलं तर एका गोलाच्या कडेला हिरवी रेघ उमटली. जो गोल चार वर्षांत कधीच उजळला नव्हता, तो. आवाज घोगरा, आणि खूप दिवसांनी पहिलंच वाक्य बोलताना यावा तसा मोठा.

"माझं नाव टाका," म्यूट म्हणाला. "टाका आणि मीटिंग संपवा. मला पोराला शाळेतून आणायचंय."

मॅडम म्हणाल्या, "ओके." या खेपेला वाक्य वरच राहिलं, उतरलं नाही.

नाव मिळालं. आता आवाज राहिला होता. त्या बाई कुठे गेल्या, कुणालाच माहीत नव्हतं. मामाने जुने तीन नंबर फिरवले, तिन्ही बंद. शेवटी संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि दारातच म्हणाला, "टेपरेकॉर्डर कुठाय?"

टेपरेकॉर्डर म्हणजे मी. घरात सगळे तेच म्हणतात, कारण मावशी दारातून गेली की मी मावशी होते आणि पाहुणे गेले की पाहुणे. सुट्टीत मामाकडे राहायचे तेव्हा त्याचा तो सकाळचा फोन मी इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतही म्हणून दाखवला असता.

मी डोळे मिटले, बारीकसा श्वास घेतला आणि सुरू केलं. "सुप्रभात. मी बोलतेय." 'बरं'च्या आधीची ती इवलीशी थांबण्याची जागा. 'दोन'वर किंचित नाकातून. 'मी परत फोन करीन' म्हणताना शेवटी हसू लपवल्यासारखा स्वर. सगळं जिथल्या तिथे. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. रेकॉर्डिंग तर पहिल्याच खेपेला झालं होतं.

"कुणाला कळणारही नाही," मी म्हटलं. "लाव पैज."

"सगळ्यांना कळेल," मामा म्हणाला.

"हट्! दहातल्या एकाला जरी कळलं ना, तर मी तुझ्या ऑफिसात येऊन दिवसभर हात हलवीन. आणि नाही कळलं, तर तू महिनाभर घरून काम करायचं. आमच्या घरून."

मामाने थोडा विचार केला. मग हात पुढे केला आणि आम्ही पैज लावली.

शुक्रवारी पावणेआठला दहा फोन वाजले. सगळे दहा उचलले गेले. लँडलाइनवर एकही तक्रार नाही. शाळा सुटल्यावर मी नाचतच मामाच्या ऑफिसात गेले, "बॅग भर, राहायला ये" असं मावशीच्या आवाजात म्हणत. मामाने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोण कुठल्या क्षणी काय दाबतं, याची तिथे नोंद असते.

"हे रोजचं," तो म्हणाला. रोज ड्राफ्ट्समन आजोबा 'सुप्रभात'लाच एक दाबतात. बाकीचे 'बरं असेल तर' इथपर्यंतही थांबत नाहीत. शेवटपर्यंत कुणीच ऐकत नाही. "आणि हे आजचं." आज नऊच्या नऊ जणांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं होतं. 'मी परत फोन करीन' झाल्यावरही कुणी लगेच दाबलं नव्हतं. थांबले होते. मग एकेकाने सावकाश एक दाबलं. तिसऱ्या नंबरने मात्र दोन.

"दोन? आजींना काय झालं?" मी घाबरले.

"मीही घाबरलो. फोन केला. म्हणाल्या, मला काही नको. नवी मुलगी चांगली आहे, स्वच्छ बोलते. आधीच्या बाईंना मदत हवी असेल तर कळवा, एवढंच सांगायचं होतं."

मी नोंदीच्या अगदी तळाशी पाहिलं. दहावा नंबर. त्याच्यासमोर काहीच नव्हतं. एक नाही, दोन नाही. फोन तीनदा गेला होता आणि तिन्ही वेळा उचलून शेवटपर्यंत ऐकला होता.

"तू का नाही दाबलं?"

मामा म्हणाला, "चाचणी करत होतो."

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी पैज फेडली. वॉचमन "या साहेब" म्हणाला आणि माझ्याकडे बघून गोंधळला. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं, ज्याच्या कॅलेंडरवर चार वर्षांपूर्वीचा महिना होता. मामा काम करत होता. मी दर दहा मिनिटांनी छताकडे बघून हात हलवत होते. पहिल्यांदा मजा आली. मी मॅडम होऊन हलवला, आजी होऊन हलवला, बोटीवरून निरोप घेणारी बाई होऊन हलवला. अकरानंतर नकला संपल्या. जाकिटं तशीच खुर्च्यांवर होती. टाइप करण्याचा आवाज तेवढा. समोरच्या दवाखान्याच्या खिडकीत कुणीतरी आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, आमच्याकडे बघत होतं. मी त्यालाही हात केला.

साडेतीनला दिवे गेले, कारण मी विसरले होते. मी घाईने हात उचलला.

"डावा वापर," मान वर न करता मामा म्हणाला. "चारच्या सुमाराला उजवा दुखायला लागतो."